सुधारित नकाशा आला की सुरक्षेचा विचार पहिल्यापासून

तुमचा प्रश्न असा, की आठ वर्षं साइट इंजिनीअर म्हणून काढल्यावर रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यात बांधकाम सुरक्षेचा सल्लागार म्हणून स्वतःचं काम सुरू करावं का, आणि नियम सारखे बदलत असताना बिल्डरला कोणत्या नियमाने सल्ला द्यायचा. जरूर सुरू करा. आपल्याकडे या कामाला माणसं फार कमी आहेत.

डिसेंबर २०२० मध्ये युडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, लागू झाली. आधी मंजूर झालेली कामं जुन्या परवानगीवर चालू राहिली, पण हवं त्याला नव्या नियमाने सुधारित नकाशा मंजूर करून घेता आला. धोका इथेच शिरतो. एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) वाढतो, मजला चढतो, खाली खांबांवरचं स्टिल्ट पार्किंग येतं. आरसीसी डिझाइन बदलतं. खोदाई, परांची आणि टेकूंचा विचार मात्र जुन्याच नकाशावर अडकून राहतो.

माझ्या एका साइटवर हेच झालं. गाड्या आत घ्यायच्या म्हणून मागची डोंगरकड दीड मीटरऐवजी साडेचार मीटर कापली. वर जांभा, तो चिरेखाणीसारखा सरळ उभा कापला जातो, त्यामुळे मुकादम निर्धास्त. पण जांभ्याखाली पिवळट मऊ माती लागली होती. मूठभर घेऊन दाबली तर लोण्यासारखी बोटांत शिरली. मे संपत आलेला, आणि कापाच्या पायथ्याशीच कामगारांच्या पत्र्याच्या चार खोल्या. मी लेखी दिलं: खोल्या हलवा, काप पायऱ्या-पायऱ्यांनी घ्या, वरच्या अंगाला पाण्यासाठी चर काढा. पायऱ्यांना खर्चाचं कारण सांगून नकार मिळाला. खोल्यांसाठी मात्र मी दोन दिवस साइट सोडली नाही, तेव्हा त्या हलवल्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे अख्खा कडा खाली आला. खोल्यांची जागा आणि मागे राहिलेले चुलीचे तीन दगड, सगळं त्याखाली गेलं. पावसाची पहिली सर आली की मला अजून ते दगड आठवतात.

चिपळूणची गोष्ट वेगळी. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर पूररेषा सगळ्यांच्या तोंडी आली. निळ्या (नदीकडच्या) आणि लाल (बाहेरच्या, मोठ्या पुराच्या) रेषेच्या मधल्या पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं. राहणाऱ्याच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. पण सखल प्लॉटवर त्यासाठी मोठा भराव पडतो आणि पहिल्या स्लॅबचे टेकू त्या ताज्या भरावावर उभे राहतात. पाऊस लागला की भराव बसतो, एक टेकू सैल होतो आणि ओल्या काँक्रीटचं वजन शेजारच्या टेकूंवर जातं. भराव थराथराने दाबून घ्या, टेकूंखाली जाड फळ्या टाका, स्लॅबच्या दिवशी सकाळी प्रत्येक टेकू स्वतः हाताने हलवून बघा. हे सुपरवायझरवर सोडू नका.

किनाऱ्यावर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान एम ३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईला ४५ मिमी कव्हर, म्हणजे वरून काँक्रीटचा थर, लागतो. कव्हर ब्लॉक मोजणं आपलं काम नाही, असं समजू नका. महाडला २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन कोसळली, १६ माणसं गेली. ती इमारत काही जुनाट नव्हती.

कामगार कायदाही बदललाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता आली. बांधकामावर सेफ्टी ऑफिसर नेमायची अट पूर्वी ५०० कामगारांना होती, ती २५० वर आली. कोकणात एवढी माणसं असलेल्या साइट मोजक्याच, म्हणजे जिथे ही सक्ती नाही अशाच ठिकाणी तुम्हाला जायचंय. "आम्हाला कुठे लागू आहे?" हे रोज ऐकाल. माणसं सुखरूप ठेवायची मालकाची जबाबदारी पाच कामगार असले तरी सुटत नाही, हे तिथल्या तिथे सांगा.

करारात तीन गोष्टी घालून घ्या. नकाशा सुधारला की नव्याने सुरक्षा तपासणी, तीही काम सुरू व्हायच्या आधी. धोका दिसला तर काम थांबवायचा लेखी अधिकार. आणि फी महिन्याच्या महिन्याला. ती भोगवटा प्रमाणपत्रावर अडकली, की काम थांबवताना तुमचाच हात आखडेल. पहिलं काम मिळालं की मागच्या कापाची उंची आणि तळच्या मातीचा फोटो पाठवा, बघून सांगतो.