नकली पोर्तुगीज रुपये नकळत विकले, आता माझ्यावर केस होईल का?

बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगडजवळच्या एका भावांनी लिहिलंय. गोव्यातल्या एकाकडून १८८२ चे म्हणून चांदीचे बारा पोर्तुगीज रुपये ४८ हजाराला घेतले, पैसे यूपीआयनं दिले, मग घरात आजारपण आलं म्हणून त्यातले दोन निपाणीच्या एकाला नऊ हजाराला दिले, आणि आता तो म्हणतोय नाणी नकली आहेत, खोटी नाणी चालवल्याची केस घालतो.

भाऊ, आधी घाबरायचं सोडा. खोट्या नाण्यांचं कलम, म्हणजे न्याय संहितेतलं १७८, हे आज पैसा म्हणून चालणाऱ्या नाण्यांसाठी आहे, १८८२ चा रुपया घेऊन आज कुणी भाजी आणत नाही. लागलंच तर फसवणुकीचं ३१८ लागेल, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण त्याला विकताना मनात खोट असावी लागते आणि तुम्हाला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

आता मात्र ठाऊक झालंय, आणि माझा सगळा जीव इथंच अडकलाय बघा. खडे बाजारातल्या सराफानं वजन ९.४ ग्रॅम सांगितलं म्हणता, खरा रुपया ११.६६ ग्रॅमचा, आपल्या ब्रिटिश रुपयाएवढाच, झिजून थोडं कमी होतं पण सव्वादोन ग्रॅम नाही होत. वर तुम्ही पाठवलेल्या फोटोत राजाच्या कानाखाली एक बारीक खड्डा आहे, तोच खड्डा, त्याच जागी, सगळ्या नाण्यांवर! वेगवेगळ्या हातातून फिरलेल्या नाण्यांना एकच खड्डा कसा पडेल, सगळी एकाच साच्यातली आहेत. लोहचुंबकाला चिकटत नाही म्हणून चांदी असं धरू नका, पितळ पण चिकटत नाही.

म्हणून उरलेल्या दहातलं एकही आता विकू नका, ‘जशी आहेत तशी’ म्हणून पण नको, आजच्या नंतर विकलंत तर मी काय कुठलाही वकील तुम्हाला वाचवू शकणार नाही. निपाणीवाल्याला याच आठवड्यात नऊ हजार बँकेतून परत करा, रोख नको, दोन्ही नाणी परत घ्या आणि त्याच्याकडून पोच लिहून घ्या. त्याला मेसेज करताना ‘मी फसवलं’ असं चुकूनही लिहू नका, जे खरं आहे तेच लिहा, मलाही फसवलं, मला आत्ता कळलं.

गोव्यातल्या माणसाला स्पीड पोस्टानं नोटीस जाऊ दे. ग्राहक आयोगात बेळगावलाच जाता येतं, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखाच्या आतल्या खरेदीला फी नाही. पण तो म्हणणार, यांनी परत विकायलाच घेतली होती, हे ग्राहकच नव्हेत. आजारपणाची बिलं जपा, हौसेनं घेतली आणि दोन अडचणीत विकली हे त्यावरूनच दिसेल. आयोगानं नाहीच घेतलं तर दिवाणी दावा आहे, त्याला तीन वर्षं मिळतात.

पोलिसात त्याच्यावर फिर्याद पण द्या. माणूस गोव्याचा म्हणून तिकडं जावा असं स्टेशनात सांगितलं तर झिरो एफआयआर मागा, हद्द कुठलीही असली तरी नोंद घ्यावी लागते. चॅट डिलीट करू नका, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, तोच फोन तसाच ठेवा. नाणी चिंचेनं घासू नका, तोच पुरावा आहे. आणि फिर्याद कन्नडमध्ये लिहितील, तर कन्नड वाचणारा घरचा कुणीतरी बरोबर न्या, ओळ न् ओळ मराठीत ऐका आणि मगच सही करा, एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.