पाचगणीला जावं का, आणि मागे कोण राहतं?

प्रश्न : बाई, सप्रेम सलाम. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मंडळाची मी खजिनदार. मे महिन्यात चार दिवस पाचगणीला विसाव्याला जायचं ठरतंय. माणशी साडेतीन हजार वर्गणी, शिवाय मंडळाच्या शिलकीतून थोडी भर. सभेत चर्चच्या कारभारातले एक पंच उठून म्हणाले, "हवा खायला एवढा पैसा घालवण्यापेक्षा विधवा निधीला द्या." सगळ्या गप्प. आता काही जणी म्हणतात, तिथे 'ख्रिस्ती सेवा आणि न्याय' असा अभ्यास ठेवू, म्हणजे कुणाला बोलायला जागा उरणार नाही. तुमचं मत काय?
— एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : जा. आधी एवढं सांगून टाकते, बाकीचं मागाहून.

पंचांचा प्रश्न नवा नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात मरीयेने जटामांसीचं महाग तेल येशूच्या पायांना लावलं तेव्हा हाच प्रश्न निघाला होता : हे तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिलं नाही? एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, म्हणजे रक्कम जवळजवळ वर्षाच्या मजुरीएवढी. प्रश्न विचारला यहूदाने, आणि सगळ्यांच्या पैशांची डबी त्याच्याच हातात असे हे योहान तिथल्या तिथे सांगून टाकतो. तुमच्या पंचांना मी यहूदा म्हणत नाही, बरं का! त्यांना फक्त विचारा, विधवा निधीला त्यांनी स्वतः गेल्या वर्षी काय घातलं. उत्तर चांगलं आलं तर त्यांचं बोलणं ऐकायलाच हवं.

मात्र येशूने दिलेलं उत्तर आपण फार सोयीने वापरतो. "गरीब तर नेहमी तुमच्याजवळ आहेत" एवढं म्हणायचं आणि हात झटकायचे. ते वाक्य मूळ जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातलं आहे आणि तिथे ते अर्ध्यावर थांबत नाही. देशात गरीब असतीलच, म्हणून आपला हात सैल सोड, असं पुढे लिहिलंय. तेव्हा पाचगणीही होऊ दे आणि विधवा निधीही. दोन्हींत भांडण लावणाऱ्याला दोन्हींतलं एकही करायचं नसतं, असा माझा अनुभव आहे.

अभ्यासाचं पांघरूण मात्र घालू नका. विसाव्याला जायचं तर विसाव्याला जा. मार्काच्या सहाव्या अध्यायात शिष्य गावोगाव फिरून परत आले, तेव्हा त्यांना जेवायलाही सवड नव्हती. प्रभूने त्यांना एकांतात चलून थोडा विसावा घ्यायला सांगितलं. तिथे काय अभ्यास करायचा, याची यादी दिली नाही. पुढे लोक काठाकाठाने धावत आधीच पोचले आणि विसावा होडीतल्या प्रवासापुरताच राहिला, ही गोष्ट निराळी.

न्यायाचा अभ्यास करायचाच असेल तर तो श्रीरामपुरातच, यादी करताना होईल. दहा आज्ञा दोनदा येतात ना? 'निर्गम' या पुस्तकात शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, पाळायचा तो देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात कारण वेगळं आहे : तुझ्या दासालाही आणि दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तूही मिसरात दास होतास. मालकाने किती वेळ पडून राहायचं हा त्या आज्ञेचा विषयच नाही.

म्हणून विचारते. तुम्ही चार दिवस घरी नसाल तेव्हा भांडीवाल्या बाईचे चार दिवसांचे पैसे कापणार का? मंडळातल्या ज्या बहिणी रोजाने खुरपायला जातात, त्यांना साडेतीन हजार वर्गणी आणि वर बुडालेला रोज, असं दुहेरी पडतं. त्यांनी "जमणार नाही हो" म्हटलं की आपण "प्रभूची इच्छा" म्हणून पुढचं नाव घेतो. शिलकीतली भर सगळ्यांना सारखी वाटू नका, त्यांच्याकडे जाऊ द्या, आणि ती कुणाकडे गेली हे फक्त खजिनदाराला ठाऊक असावं. तुम्हीच खजिनदार आहात, तेव्हा काम सोपं आहे. पाचगणीत पहाटे साडेपाचला चहा हवा म्हणून सांगण्याआधी तो कोण करणार आणि ती बाई रात्री किती वाजता झोपली, तेही बघा.

माझी आई नेवाशाकडच्या गावांतून हिंडणारी बायबलबाई, म्हणजे बायकांना बायबल वाचून सांगणारी मिशनची बाई होती. उन्हाळा आला की मिशनची कुटुंबं महाबळेश्वरला जात, बरोबर स्वयंपाकी आणि आया जात, आणि बायबलबाया मात्र खाली उन्हात गावं करत. आई हे रागाने सांगत नसे. मला राग येई. तरी दुसरी बाजूही सांगते. त्या काळी डोंगरावर जाणं निव्वळ चैन नव्हती. मदुरेच्या अमेरिकन मिशनने 1845 साली कोडाईकॅनॉलला बंगले बांधले, कारण खाली आजाराने माणसं पटापट मरत होती. वर जाण्यात पाप नव्हतं. वर जायची गरज फक्त काही जणांनाच असते, असं धरून चालणं खटकायचं.

आता वाटेचं. सोमवारी निघा, गुरुवारी परत या. मे महिन्यात शनिवार-रविवारी पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते आणि खोल्यांचे भावही चढतात. स्ट्रॉबेरीची आशा धरू नका, तिचा हंगाम तोवर सरलेला असतो. करवंदं, जांभळं मिळतील. टेबललँडवर सूर्य वर यायच्या आत जा, नंतर तो जांभा दगड पायांना चटके देतो. आणि एक दिवस काहीच ठरवू नका. सिल्व्हर ओकखाली सतरंजी टाकून पडा.

जाताना रेल्वेने गेलात तर दौंड सोडल्यावर केडगाव लागतं. आपल्या नगरशेजारचं केडगाव नव्हे. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. आधी कळवून ठेवा आणि अर्धा दिवस तिथे उतरा. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची बंधनं होती, म्हणून केडगावच्या माळावर बिऱ्हाड थाटलं. विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला. तुमच्या अभ्यासाला याहून बरी जागा मला सुचत नाही, आणि तिथे कुणाला भाषणही करावं लागणार नाही.

प्रश्न : बाई, मी तरुण संघाचा सेक्रेटरी, वय 24. दर नाताळात आम्ही ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) ब्लँकेट आणि फराळ वाटतो. या वर्षी आमच्यातला एकजण म्हणाला, यांच्या उचलीचा, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांचा, हिशेबही बघायला हवा, पोरांची शाळा बुडते तेही बघायला हवं. वडीलधारे म्हणाले, सेवा करा, राजकारण नको. चर्चने यात पडावं का?
— एक वाचक, नेवासे तालुका

उत्तर : बाळा, प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा. यरुशलेमच्या मंडळीत रोज अन्न वाटलं जात होतं, म्हणजे सेवा चालू होती. तरी ग्रीक बोलणाऱ्या विधवांना त्यातून वगळलं जात होतं. तक्रार आली तेव्हा "वाटतोय ना, गप्प बसा" असं प्रेषितांनी म्हटलं नाही. सात माणसं नेमली आणि वाटपाची पद्धतच बदलली. ती सातही नावं ग्रीक आहेत, हे मला फार आवडतं. तक्रार ज्यांची, कारभार त्यांच्याच माणसांकडे दिला.

आणि वर ज्या रमाबाईंविषयी लिहिलं, त्यांचंच बघ. 1897 मध्ये एकीकडे दुष्काळातल्या मुलींना जेवू घालत होत्या आणि त्याच वर्षी पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांना कसं वागवलं जातं, याविरुद्ध त्यांनी मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र छापलं. ते प्रकरण थेट विलायतेच्या पार्लमेंटात पोचलं. सरकारने आरोप नाकारले. राज्य ख्रिस्ती लोकांचं होतं, रमाबाई ख्रिस्ती होत्या, गप्प बसल्या असत्या तर सोयीचं झालं असतं. आपल्याच काळात वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईची हिरवाई वाचवणाऱ्या 'हरित वसई' चळवळीसाठी रस्त्यावर उतरले. त्यांनाही धर्मगुरूचं हे काम नव्हे म्हणणारे भेटले असणारच. पुढे तेच उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2020 मध्ये.

तुमच्या वडीलधाऱ्यांना याकोबाचं पत्र वाचून दाखव, पाचवा अध्याय, चौथं वचन. शेतं कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असं तिथे आहे. कापणारे, बाळा! याहून सरळ काय लिहायचं?

शिवाय आपल्याला न्यायाचा विषय परका कसा? अनुसूचित जाती कोणत्या हे ठरवणाऱ्या 1950 च्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती आजही अनुसूचित जातींच्या बाहेर आहेत. शिखांना 1956 मध्ये घेतलं, बौद्धांना 1990 मध्ये. आपण निवेदनं देतो, मोर्चे काढतो, आणि तेव्हा कुणी राजकारण म्हणत नाही. स्वतःसाठी मागितला की न्याय आणि दुसऱ्यासाठी मागितला की राजकारण, हे काही बरोबर नाही.

पण थांब, लगेच मुकादमाच्या दारात जाऊ नकोस. तू भांडून रात्री घरी येशील, कोपीवरच्या जोडप्याला दुसऱ्या दिवशी त्याच्याच टोळीत कोयता चालवायचाय. उचल त्यांच्या डोक्यावर आहे, तुझ्या नाही. आधी त्यांना विचार, काय हवंय. कदाचित फक्त वहीतले आकडे वाचून दाखवणारं कुणीतरी हवं असेल. कदाचित पोरीला सातवीची परीक्षा द्यायची असेल आणि त्यासाठी मुख्याध्यापकांना भेटायला सोबत हवी असेल. तिथून सुरू कर.

मे महिन्यात ते कोपीवर नसतात, आपापल्या गावी असतात, बीडकडे, आष्टी-पाटोद्याला. ओळख असेल तर सुट्टीत दोघंतिघं पाहुणे म्हणून जा. ब्लँकेट नेऊ नका. त्यांच्या घरी त्यांच्या हातची भाकरी खा. कोपीवर आपण नेहमी देणारे असतो, म्हणून खरं बोलणं होत नाही.

प्रश्न : मी पाळकबाई, म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांची बायको आहे. दर उन्हाळी शिबिराला सगळे जण "किती आशीर्वाद मिळाला" म्हणून परततात. मी पन्नास माणसांचं जेवण करून परतते. तक्रार केली की सगळे हसून मार्थाची गोष्ट सांगतात : बहीण मरीया प्रभूचं ऐकत बसली आणि मार्था कामात गुंतून कुरकुरत राहिली.
— नाव छापू नये

उत्तर : मार्थाची गोष्ट सांगणारे बहुधा तिने केलेलं जेवून सांगत असतात. त्यांना योहानाचा अकरावा अध्याय वाचायला लावा. "तू देवाचा पुत्र ख्रिस्त आहेस" हा विश्वास तिथे तोंडाने कबूल करते ती मार्थाच. तिला फक्त चुलीपाशी बसवून ठेवणं आपलं काम, शास्त्राचं नव्हे.

या वर्षी स्वयंपाकाला माणसं लावा आणि त्यांची मजुरी अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा, प्रवासखर्चाच्याही वर. पैसे कमी पडले तर एक भाजी कमी करा. संध्याकाळच्या भांड्यांच्या पाळ्या लावा आणि पहिली पाळी पाळकसाहेबांची लावा. ते नाही म्हणाले तर मला कळवा, तुमचं नाव छापणार नाही. त्यांच्या नावाचं मात्र वचन देत नाही.