अमेरिकेतल्या नवाहो या आदिवासी लोकांमधल्या ख्रिस्ती मिशन शाळेत नेमकं काय चालायचं?

एकच शाळा घेतो, ॲरिझोनातल्या गनाडोची. हे मिशन १९०१ मध्ये प्रेस्बिटेरियन चर्चने सुरू केलं (आपल्या मिरजेचं वॉनलेस रुग्णालय काढणारे मिशनरीही याच पंथाचे). मुलं घर सोडून वसतिगृहात राहायची. दिवसात अभ्यास, प्रार्थना आणि भरपूर काम. अशा शाळांत इंग्रजीचा आग्रह असे आणि घरच्या भाषेला, विधींना दुय्यम मानलं जाई. सेवेच्या कौतुकात हे विसरू नये.

पण गनाडोचं खरं वेगळेपण नर्सिंगचं. मिशनचे डॉ. क्लॅरेन्स सॅल्सबरी यांनी १९३० मध्ये तिथल्याच सेज मेमोरियल रुग्णालयाला जोडून आदिवासी मुलींसाठी नर्सिंग शाळा काढली. या मुलींना हे जमणार नाही, असं अनेक गोऱ्यांचं मत होतं. १९३३ मध्ये पहिल्या दोघी शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या! शिवाय नवाहो परंपरेत जिथे माणूस मरतो ती जागा टाळतात, त्यामुळे रुग्णालयाचीच धास्ती. अशा रुग्णाशी त्याच्याच भाषेत बोलणारी नर्स किती मोलाची असेल, बघा. पुढे इतर जमातींच्या मुलीही इथे शिकल्या. १९५१ मध्ये नर्सिंग शाळा बंद झाली.