आधी बाळ येऊ दे, मग बाजार

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. सातवा महिना लागतो न लागतो तोच कॉट, स्ट्रोलर, वॉकर, बाटल्या उकळायचं यंत्र, ओले वाइप्स गरम करायचा डबा, सगळं कार्टमध्ये! निम्मी यादी खोड आणि उरलेल्यातलंही बरंचसं जन्मानंतर घे. 'बाळ यायच्या आधी खरेदी करू नये' असं घरातल्या मोठ्या बायका सांगतात. त्यांचं कारण वेगळं असेल, पण हिशेब त्यांचाच बरोबर. बाळाचं वजन किती, ते अंगावर नीट पितं का, बारशाला कोण काय आणतं, हे कळण्याआधी घेतलेलंच माळ्यावर जातं.

आत्ता लागतं ते एवढंच: पुढे बांधायची सुती झबली सहा-आठ, टोपडी दोन, दुपटी आठ-दहा, लंगोट दोन डझन, बिछान्यावर घालायला दोन-तीन रबरी शीट आणि डिजिटल थर्मामीटर. दुपटी-लंगोट जुन्या मऊ सुती साड्यांचे शिवून घ्या. नवं कापड असेल तर खळ जाईपर्यंत धुवा. कपडे आणणाऱ्यांना बेधडक सांग, सहा ते बारा महिन्यांच्या मापाचे आणा म्हणून. ऋतूही सांग: जुलैत जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं होतं ते जानेवारीत, तेव्हा बिनबाह्यांचा फ्रॉक काय कामाचा?

खरा खर्च डायपरचा. नवजात बाळ दिवसाला आठ-दहा वेळा ओलं करतं. एक डायपर १० रुपयांचा धरला आणि दिवसाला आठ लागले, तर महिन्याचे २,४०० झाले. दिवसा लंगोट आणि रात्री किंवा बाहेर जाताना मिळून दोन डायपर ठेवलेत, तर ६०० मध्ये भागतं. 'न्यूबॉर्न' मापाचं मोठं पाकीट ऑफरमध्ये भरून ठेवू नकोस. हे माप साधारण ५ किलोपर्यंतच चालतं, आणि तीन किलोचं बाळ दीड-दोन महिन्यांत त्यापुढे जातं. मांडीवर वळ उठायला लागले किंवा पाठीकडून गळायला लागलं की पुढचं माप घ्यायचं. धुवायचे कापडी डायपर घेणार असलास तर आधी दोनच आणून बघ. ते गळतात असं लोक म्हणतात, त्याचं कारण बहुतेक वेळा धुण्यात असतं. डायपरच्या आत घालायचा सुती पॅड नवा असताना चार-पाचदा धुतल्याशिवाय पुरतं शोषत नाही, आणि कपडे मऊ करायचं कंडिशनर टाकलं की धाग्यांवर थर बसून शोषणं कमी होतं. पावसाळ्यात पॅड वाळायला दीड-दोन दिवस लागतात, तेवढे जास्तीचे लागतील.

दूधपावडर आधीच आणून ठेवू नका. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणी, मध, गुटी काही नाही. दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवायचं नसतं. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होतायत आणि दोन आठवड्यांत बाळ जन्मवजनावर परत आलंय, तर पुरतंय. शंका आली तर डबा आणण्याआधी स्तनपान सल्लागाराला दाखवा; एका भेटीची फी डब्यांपुढे काहीच नाही. पूर्ण वरच्या दुधावरचं तीन महिन्यांचं बाळ ४०० ग्रॅमचा डबा तीन-चार दिवसांत संपवतं. डॉक्टरांनीच पावडर लिहून दिली तर डब्यावरच्या मापानेच कालवायची. डबा पुरावा म्हणून पाणी वाढवलं की बाळाचं वजन अडतं. पाजायला वाटी-चमचा पुरतो. शिशुआहार आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात, मोफत नमुने यांवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा डिस्चार्जच्या वेळी कुणी 'फुकट' डबा हातात दिला तर घेऊ नकोस.

पाळणा कुणाचा तरी मागून आण. फक्त गजांमधलं अंतर साडेसहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि गादी कडेला घट्ट बसायला हवी. बाळाला उताणं झोपवा, उशी नको, राईचीसुद्धा नको. आपल्या फुटपाथांवर स्ट्रोलर चालवायची हौस असेल तर नंतर बघ. वॉकर अजिबात नको, कॅनडाने तर २००४ पासून त्याची विक्रीच बंद केली आहे.

पैसे वाचवायचे नाहीत ते गाडीत बसवायच्या बाळाच्या खास सीटवर. बाळ मागच्या सीटवर आणि तोंड मागे करूनच बसवायचं. जुनी सीट अपघातातून गेलेली नाही याची पक्की खात्री नसेल तर फुकट मिळाली तरी नको. दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि पट्टा लागतो, वेग ताशी ४० किमीच्या आत.

आता जे तुझ्या यादीत नाहीच. कंपनीच्या ग्रुप आरोग्यविमा पॉलिसीत प्रसूतीच्या खर्चाची मर्यादा किती आणि बाळाचं नाव किती दिवसांत घालायचं, हे एचआरला आजच ईमेलवर विचार. नवी पॉलिसी आता घेऊन या बाळंतपणाला उपयोग नाही, प्रतीक्षाकाळ आड येतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ प्रसूतीचा खर्च मिळत नाही. रुग्णालयाच्या पॅकेजमध्ये बाळाच्या डॉक्टरची फी, काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवण्याचा खर्च, अतिदक्षता विभाग धरलाय का, तेही विचार. लसी महापालिकेच्या दवाखान्यात मोफत आहेत: बीसीजी (क्षयाची), पोलिओ, पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांवरची एकत्र), रोटा (जुलाबावरची), न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची), गोवर-रुबेला. खासगीत पहिल्या वर्षाचं बिल सहज २५-३० हजारांवर जातं. मात्र दवाखान्याचे वार विचारून जा. बीसीजीची कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून ती रोज उघडत नाहीत.

आणि पाळणाघर. सूनबाईंची रजा २६ आठवड्यांची. त्यातले चार आधी गेले तर त्या कामावर परततील तेव्हा बाळ पाच महिन्यांचं असेल, आणि बरीच पाळणाघरं सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेत नाहीत. मधला महिना आजी येणार, की बिनपगारी रजा, की तुझी रजा? स्ट्रोलरपेक्षा या महिन्यासाठी पैसे बाजूला काढ. पाळणाघर बघायला संध्याकाळी सहाला जा, पालक न्यायला येतात त्या वेळी. किती मुलांमागे एक ताई, उशीर झाला तर जादा किती, सुट्टीच्या महिन्यात फी पूर्ण की अर्धी, हे लेखी घे. ऑफिसात पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर कायद्याने तिथे किंवा ठरावीक अंतराच्या आत पाळणाघराची सोय हवी. सूनबाईंना चौकशी करायला सांग.

तुझा,
काका

ता. क. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, रुग्णालयाने पाठवली का ते बघ. नाव ठरलं नसलं तरी चालतं, वर्षाच्या आत घातलं तर शुल्क नाही. आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग मात्र आधारशी ताडून मगच सही कर.