अहवाल कपाटात जातो, मग माझ्या कामाचं काय?

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी एका सल्लागार कंपनीत आहे. पुण्यातच, ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या प्रकल्प व्यवस्थापन कक्षात माझी नेमणूक आहे. एमपीएससीचा अभ्यास सोडून इथे आलो, तो सरकारी काम आतून करायला मिळेल म्हणून. प्रत्यक्षात दिवस जातो आढावा बैठकीच्या प्रेझेंटेशनमध्ये, डॅशबोर्डच्या आकड्यांत आणि कंपनीच्या बिलांत. अहवाल कपाटात जातात. सही साहेबांची, श्रेयही साहेबांचं. हिंजवडीत नोकरी करणारा भाऊ म्हणतो, बँकांच्या प्रकल्पावर बदली मागून घे. या कामाला अर्थ आहे असं स्वतःला कसं पटवू?
— एक वाचक, वारजे

उत्तर : पटवून घेऊ नका. अर्थ आहे की नाही ते तपासता येतं.

मी जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेतून निवृत्त झाले. सल्लागारांचे अहवाल आले की मी आधी देखभाल-दुरुस्तीचं प्रकरण उघडायची. जलवाहिन्या आणि टाक्यांची पानंच्या पानं असायची, आणि हे प्रकरण जेमतेम दीड पानाचं. योजना जगते किंवा मरते ती मात्र तिथेच.

जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं. माणशी रोज 55 लिटर पाणी, घरोघरी नळ. नळ बसला की तुमच्या डॅशबोर्डवर गाव पूर्ण दिसतं. ग्रामपंचायतीचं काम तिथून सुरू होतं. पंपाचं वीजबिल, जलसुरक्षकाचं मानधन, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, जळालेल्या मोटरचं रिवाइंडिंग. पाणीपट्टी वसूल होत नाही, बिल थकतं, वीज तुटते आणि नळ असलेल्या गावातल्या बायका पुन्हा टँकरपाशी उभ्या राहतात. हे मला अजूनही सहन होत नाही, कारण यातलं बरंचसं आधी मांडता येतं.

तुमच्याच वयाची एक सल्लागार मुलगी एकदा आमच्या शाखेत आली आणि तिने विचारलं, “मॅडम, मोटर जळाली तर पैसे कुठल्या हेडमधून द्यायचे?” इतका नेमका प्रश्न क्वचितच कोणी विचारायचं. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, म्हणजे त्याच कामांवर खर्च करायचा. त्यात काय बसतं, काय नाही, हे आम्ही दोघींनी बसून पाहिलं. मग तिने पुरंदरमधल्या एका गावासाठी एकच पान तयार केलं : पंप रोज किती तास चालणार, बिल किती येणार, घरामागे महिना किती पडणार. सगळं मराठीत, मोठ्या अक्षरात. ग्रामसभेत ते वाचलं गेलं. पाणीपुरवठा समितीत निम्म्या जागा महिलांच्या असतात. त्या बायकांनीच पाणीपट्टीचा आकडा ठरवला आणि ठराव झाला. त्या मुलीचं नाव ठरावात नव्हतं. पान मात्र ग्रामसेवकाच्या टेबलाच्या काचेखाली गेलं.

श्रेयाचं तुमचं दुखणं समजतं. पण सही साहेबांचीच हवी. ऑडिटचा परिच्छेद, म्हणजे लेखी आक्षेप, निघाला किंवा विधिमंडळात प्रश्न आला, तर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. लोकांनी निवडून न दिलेल्या, सेवेतही नसलेल्या माणसाच्या हाती निर्णय जाणं मला तरी धोक्याचं वाटतं. तुमच्या हाती त्या निर्णयाची तयारी आहे, आणि ती करायला आज कोणाला फुरसत नाही. जेईकडे, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याकडे, ढीगभर गावं असतात, एका ग्रामसेवकाकडे कधी दोन-दोन ग्रामपंचायती. शेजारच्या तालुक्यात काय केलं आणि काय फसलं, हे तुम्हाला माहीत असतं.

तेव्हा वरिष्ठांकडे एकच मागणी करा : देखभाल-दुरुस्तीचं प्रकरण माझ्याकडे द्या आणि गावभेटी कामाच्या यादीत लेखी घाला. गावात पाऊल ठेवूच देत नसतील, किंवा नळाला पाणी नसताना जोडणी पूर्ण दाखवायला सांगत असतील, तर तिथून निघा. बँकेच्या प्रकल्पावर गेलात तरी त्यात कमीपणा नाही. एमपीएससीकडे परतायचं असेल, तर वयोमर्यादा बघून लवकर ठरवा.

गावभेटी मिळाल्या, तर मे महिन्यात जा. पावसाळ्यात बहुतेक योजना चालतात.