आयएसए कार्ड नवीन मदरबोर्डवर बसेल का?

दादा, वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमधल्या मशीनचा पीसी गेला, आतलं आयएसए (जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं) कार्ड शाबूत आहे, ते नवीन बोर्डवर चालेल का असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार, आणि खाच घासून पीसीआय या नंतरच्या स्लॉटमध्ये बसवायला तर अजिबात जाऊ नका, कार्ड जाईल.

कारण नुसता आकार नाही. 1981 च्या आयबीएम पीसीत हा स्लॉट म्हणजे जवळजवळ प्रोसेसरच्याच तारा बाहेर काढलेल्या, 8 बिट, 4.77 मेगाहर्ट्झ. 1984 ला आयबीएमचा पुढचा पीसी, एटी, आला तेव्हा त्याच स्लॉटला पुढे एक छोटा तुकडा जोडून 16 बिट केलं, त्यामुळे जुनी कार्डं तशीच चालत राहिली, आणि माझ्या मते आयएसए इतकं टिकलं ते याचमुळे. 1987 ला आयबीएमनेच मायक्रो चॅनल नावाचं वेगळंच स्लॉटचं डिझाइन आणलं, चांगलं होतं हो, पण जुनं कार्ड बसेना आणि वर लायसन्सचे पैसे, कोण घेणार?

खरा फरक पीसीआयने पडला, 1992. कार्ड स्वतःच सांगतं मी कोण, मला किती जागा हवी, मग बायॉस (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) पत्ता आणि इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची तार) वाटून देतो. वेग सेकंदाला 133 एमबी. तुमच्या कार्डाला यातलं काही माहीत नाही, त्याचा पत्ता जम्परवर, म्हणजे कार्डावरच्या पिनांवर लावायच्या छोट्या टोप्यांवर, ठरलेला. रबाळेला एका कारखान्यात कुणीतरी कार्ड पुसताना जम्पर काढले आणि अंदाजाने परत लावले, दोन दिवस मशीन बंद! म्हणून आधी फोटो काढा, दोन्ही बाजूंनी.

एजीपी नावाचा स्लॉटही होता, पण फक्त ग्राफिक्ससाठी, ते सोडा. आजचं पीसीआय एक्सप्रेस तर वेगळीच जात, बत्तीस तारांवरून एकदम डेटा पाठवला की वेग वाढल्यावर सगळे बिट एका वेळी पोचेनात, म्हणून 2003 पासून एकेक लेन सिरियल, म्हणजे बिट एकामागून एक, पहिल्या पिढीत लेनमागे एका दिशेला सेकंदाला 250 एमबी.

तुम्ही आयएसए स्लॉट असलेला इंडस्ट्रियल मदरबोर्ड शोधा, अजून मिळतात. यूएसबीचे कन्व्हर्टर साध्या पोर्टवाल्या (फक्त पत्त्यावरून डेटा देणाऱ्या-घेणाऱ्या) कार्डाला कधी चालून जातात, पण डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीशी डेटाची देवाणघेवाण) वापरणाऱ्या कार्डावर पैसे घालू नका, आणि बोर्ड घेतानाही त्याच्या आयएसएवर डीएमए चालतं का हे विचारूनच घ्या. त्याआधी जुन्या हार्ड डिस्कची कॉपी काढून ठेवा, हे आजच करा, कार्ड एकवेळ दुसरं मिळेल पण डिस्कवरचं डॉसचं सॉफ्टवेअर आणि मशीनच्या सेटिंग्ज कुठून आणणार.

कार्डावर डीआरक्यू (DRQ) किंवा डॅक (DACK), म्हणजे डीएमएच्या खुणा, लिहिलेले जम्पर आहेत का ते बघून सांगा, म्हणजे कुठला बोर्ड घ्यायचा ते ठरवू.