जुन्या गाडीत पैसे घालण्याआधी

गॅरेजवाल्याचा अंदाज आणि दुरुस्तीनंतर गाडीला येईल ती किंमत, हे दोन आकडे आधी कागदावर शेजारीशेजारी मांडा. खर्च निम्म्याच्या पुढे गेला, की मी तरी दुसरी गाडी बघायला सांगतो. खालचा सांगाडा गंजलेला असेल तर विचारच नको. इंजिन बदलता येतं, कुजलेला पत्रा माणसाला पुरून उरतो.

सेकंडहँड गाडी बघताना इंजिन थंडच हवं. ‘मी येईपर्यंत चालू करू नका’ असं मालकाला आधीच सांगा आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत या, खरंच या. थंड इंजिन अडखळतं, खडखडतं, ते गरम झाल्यावर लपून जातं. धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय. ऑइल भरायचं झाकण उघडा. आत दुधी थर दिसला तर पाणी शिरल्याची शंका घ्या आणि मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मीटरवर किलोमीटर कमी, पण क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत? मग सर्व्हिसच्या नोंदी मागा. टायरवर DOT ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला.

रंग, सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम यांकडे दुर्लक्ष करा. सगळे पैसे खरेदीतच संपवू नका. टायमिंग बेल्ट, ऑइल, ब्रेक पॅड यांसाठी थोडे राखून ठेवा, कारण बेल्ट कधी बदलला हे बहुतेक मालकांना आठवत नाही.